वीतभर जास्तीचा तलाव

पुढे लुना, लुनावर काकाजी, आणि मागून त्यांची पांढरी मोटारगाडी, ड्रायव्हरसकट पण मालकाशिवाय. अकोल्यात जठारपेठेच्या रस्त्यावर ही वरात ज्यानं पाहिली नाही, त्याला काकाजी कोण होते हे समजावून सांगणं कठीण आहे. नवा माणूस हटकून विचारायचा, "काकाजी, गाडी हाय तं लुनावर काहून?" त्यावर उत्तर ठरलेलं असायचं. "गाडी नाई चालवली तं गाडीले जंग लागते. लुना नाई चालवली तं मले लागते. दोघाईले चालू ठेवा लागते ना बापा!"

ते डाळ मिलचे मालक होते. पांढरं धोतर, वर बाह्या दुमडलेला सदरा, पायात करकर वाजणारे जोडे. मोबाइल होता, पण कानाला लावायचे नाहीत. तळहातावर धरून, आवाज मोठा करून बोलायचे, म्हणजे समोरच्याच्या घरचं सगळं अर्ध्या बाजाराला ऐकू जायचं. "चोरून बोलाचं काय हाय?" असं वर म्हणायचे. त्यांच्याशी फोनवर खाजगी बोलायची सोय नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलायचीही सोय नव्हती.

आमची पहिली भेट भांडणानं झाली. मी तेव्हा अमरावतीला एका कॉलेजच्या तलावावर पोहणं शिकवायची. सकाळची बॅच चालू होती आणि हे गृहस्थ मोझरीहून परतताना मधेच उतरले, ते थेट जोड्यांसकट तलावाच्या काठावर. मी शिट्टी मारली. शिट्टी मारायची मला सवयच आहे, घरीसुद्धा कोणी पंखा चालू ठेवून गेलं की हात गळ्याकडे जातो.

"ओ काका, जोडे बाहेर काढा!"

"काहून?"

"पाणी घाण होतं."

"मी कुठी पान्यात जाऊन राह्यलो?"

"तुम्ही नाही गेलात तरी तुमच्या जोड्याची माती जाते!"

हे त्यांना पटलं. मुकाट्यानं जोडे काढून काखेत धरले, खाली बसले, पाण्यात बोट बुडवलं आणि ते बोट तोंडात घातलं. मी अक्षरशः किंचाळले. "अहो, त्यात क्लोरिन आहे!"

"पोराईच्या तोंडात जाते का नाई हे?"

"जातं थोडंफार."

"मंग माह्या तोंडात गेलं तं काय झालं?"

मी शिट्टी पुन्हा तोंडात धरली. पुढे अकोल्याला गेल्यावर मला समजलं की हा त्यांच्या धंद्याचा गुण आहे. तुरीचं पोतं आलं की डाळवाला आधी एक दाणा दाताखाली फोडतो. दाणा कट्टकन तुटला तर वाळलेला, चिवट लागला तर ओला. काकाजींनी ही परीक्षा तुरीवरून साऱ्या जगावर चढवली होती. नवं कुलूप आणलं तरी आधी जिभेला लावून बघायचे.

तिथंच काठावर बसून त्यांनी मला विचारलं, "अकोल्याले येता का? तलाव बांधून राह्यलो."

"कुठं आहे तलाव?"

"अजून नाई. मास्तरीन आधी पाह्यली, तलाव मंग."

मला वाटलं, डोकं फिरलेला माणूस आहे. पण त्याच संध्याकाळी तो डोकं फिरलेला माणूस पत्ता विचारत आमच्या घरी आला. माझे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांच्या पिढीनं शिकून नोकऱ्या मिळवल्या, त्यामुळे नोकरी म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच. काकाजींनी दारातूनच "जय भीम, साहेब" म्हटलं, चहा घेतला, चहात आलं किसून घातलं की ठेचून याची चौकशी केली. मग वडिलांनी विचारलं, "पण नोकरी कायम आहे का?"

"मीच कायम नाई साहेब, नोकरी कुठून राहीन?"

वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र राग आला, कारण त्या हसण्यातच माझं अकोल्याला जाणं ठरून गेलं होतं.

आता हा डाळवाला तलावाच्या मागे का लागला होता, हे कुतूहल मला सुरुवातीपासून होतं. स्वतः त्यांना पोहता येत नव्हतं. नुसतं येत नव्हतं असं नाही, घोट्याच्या वर पाणी आलं की ते देवाचं नाव घ्यायचे. मी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर यायचं. एकदा म्हणाले, डॉक्टरनं सांगितलं. एकदा म्हणाले, मुलगा परदेशात आहे, पैशाचं काय लोणचं घालू? खरं कारण मला मिलमधल्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, कारण ती त्याच्याच मुलीची गोष्ट होती.

मुलीचं नाव साक्षी. मिलच्या आवारात मोठी विहीर होती, त्यात ती बापाकडून पोहायला शिकली, आणि मग गावातल्या एका लहान तलावावर सराव करायला लागली. पोरगी मासोळीच. काकाजी तिला एकदा गाडीत घालून बाहेरगावी स्पर्धेला घेऊन गेले. (स्वतः गाडीत बसले की लुनावर गेले, हे विचारू नका. बसले.) तिथं नाव नोंदवताना आधीची वेळ सांगावी लागते. साक्षीनं सांगितली. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या तलावाला मान्यता नाही. तिथली वेळ आम्ही धरत नाही." आणि तिला सगळ्यात शेवटच्या, कोणी बघत नाही अशा गटात टाकलं.

हे काकाजींना लागलं. असं लागलं की घरी येईपर्यंत गाडीच्या ड्रायव्हरला एकच वाक्य ऐकवत होते. "अकोल्याचं वजन साऱ्या देशात चालते. आपल्या काट्याची चिठ्ठी दाखवली का मद्रासचा व्यापारी डोये मिटून माल उतरवते. अन् अकोल्याचं टाइम चालत नाई? काहून?"

बस. एवढ्यासाठी. पन्नास मीटरचा, आठ पट्ट्यांचा, मान्यता असलेला तलाव अकोल्यात व्हायला पाहिजे, म्हणजे आपल्या पोरीनं इथं घेतलेली वेळ कुठंही धरली जाईल. त्यांना पदक नको होतं, नावाची पाटी नको होती. पाटीवर काय लिहायचं हे विचारलं तेव्हा त्यांनी सुचवलेला मजकूर होता, "येथे पोहणे शिकवतात. बुडण्यास मनाई आहे."

जमीन महानगरपालिकेची, बांधकाम आणि चालवणं काकाजींचं, आणि काही वर्षांनी सगळं पालिकेच्या हवाली, असा करार झाला. कागदावर त्याचं नाव सार्वजनिक-खाजगी भागीदारी. पालिकेच्या मोठ्या साहेबांनी बैठकीत पडद्यावर चित्रं लावून तासभर समजावलं, बाण काढले, गोल काढले. काकाजी शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे बटईच झाली ना साहेब. जमीन तुमची, बी-बियानं आमचं, पीक दोघाईचं." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हो, तसंच." उगाच तास घालवला होता बिचाऱ्यांनी.

करारात एक अट होती आणि तीच सगळ्यांच्या जिवाला घोर लावून होती. ठरलेल्या मुदतीत तलावाला स्पर्धेची मान्यता मिळाली नाही, तर जमीन परत आणि पुन्हा निविदा. आणि निविदेसाठी एक लग्नाच्या लॉनवाले टपून बसले होते. त्यांना तिथं घसरगुंड्या आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली नाचायची सोय करायची होती. माणूस वाईट नव्हता, मला भेटले की "मॅडम, आमच्याकडेबी या ना जीवरक्षक म्हणून" असं प्रेमानं म्हणायचे. पण घसरगुंडीवरून घसरत येणाऱ्याची वेळ कुणी मोजत नाही.

गावात टीका झाली. होणारच. अकोल्यात नळाला पाणी यायची वाट बघत अर्धं आयुष्य जातं. "पेयाले पानी नाई अन् हे पोहाले तलाव बांधून राह्यले!" हे वाक्य मी भाजीवालीकडून, रिक्षावाल्याकडून, माझ्या घरमालकिणीकडून ऐकलं. काकाजी चिडायचे नाहीत. "बरोबर हाय त्याईचं," म्हणायचे. त्यांनी स्वतःहून लिहून दिलं होतं की नळाचा थेंब घेणार नाही, मिलच्या विहिरीचं आणि पावसाचं पाणी भरीन. बांधकामाच्या शेजारी त्यांनी विहिरीच्या पाण्याचा एक नळ लोकांसाठीही काढला. तिथं घागरी घेऊन आलेल्या बायका आम्हाला शिव्या देत पाणी भरायच्या, आणि काकाजी त्यांना विचारायचे, "पानी गोड हाय ना वं माय?"

बांधकाम सुरू झालं आणि काकाजींच्या डोक्यात एकच भूत शिरलं. माप कमी पडता कामा नये. आपल्याकडे बांधकाम म्हटलं की कोणी सिमेंट खातं, कोणी लोखंड खातं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून ते रोज येऊन वाळू चाखायचे, गिट्टी चाखायचे. टाइल आली त्या दिवशी एक तुकडा दाढेखाली धरला आणि "कच्ची हाय" म्हणेपर्यंत दाढेचाच टवका उडाला. टाइल पक्की निघाली. दाताच्या डॉक्टरकडे बसूनही त्यांना आनंद होता, की माल चांगला आहे.

तलाव उभा राहिला. बाप्पा, काय दिसायचा! निळ्या टाइलवर सकाळचं ऊन पडलं की मी, एवढी तोंडाळ बाई, गप्प व्हायची. आम्ही पाणी भरलं, पोरं घेतली, सराव सुरू केला. काकाजी छत्री आणि खुर्ची घेऊन काठापासून बऱ्याच अंतरावर बसायचे. सराव झाला की पोरांच्या ओंजळीत गूळ-फुटाणे. वाटी शिगोशीग भरायची, ओंजळीत ओतायची, आणि मग वरून अजून चिमूटभर टाकायचे. कधी चुकलं नाही. एकदा मी म्हटलं, "काकाजी, आधीच वाटीत जास्त भरा ना, वरून कशाला?" तर म्हणाले, "मापात आलं ते त्याच्या हक्काचं. वरून टाकलं ते माह्या हातचं." त्यांच्या वडिलांनी त्यांना दुकानात बसवलं तेव्हा पहिली शिकवण ही दिली होती. गिऱ्हाइकाचं पारडं खाली टेकलंच पाहिजे. टेकल्यावर अजून चार दाणे पडलेच पाहिजेत.

मला तेव्हा कसलाच संशय आला नाही. गूळ-फुटाण्यांच्या पुढं माझी अक्कल गेली नाही.

मान्यतेसाठी मोजणीचे साहेब पुण्याहून आले. तरुण, सडपातळ, फार सभ्य. तिपाईवर यंत्र ठेवलं, पलीकडच्या भिंतीवर लाल ठिपका पाडला. पालिकेचे इंजिनियर साहेब माझ्या शेजारी उभे होते, त्यांच्या कपाळावर घाम. ते पुटपुटत होते, "कमी नको भरू दे रे देवा, कमी नको भरू दे." काकाजी मात्र खुर्चीत निवांत, नातीच्या लग्नात बसावं तसे.

साहेबांनी एक पट्टी मोजली. कपाळाला आठी घातली. दुसरी मोजली. मग आठही मोजल्या, आणि पुन्हा पहिलीवर आले.

"जास्त आहे," ते म्हणाले.

इंजिनियर साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला! "जास्त हाय ना? कमी तं नाई ना? मग झालं की! पेढे आना रे!"

"नाही हो, चालणार नाही. बोटभर जास्त चालतं. हे जवळजवळ वीस सेंटिमीटर आहे. इथं घेतलेली वेळ कुठंच धरता येणार नाही."

सगळे गार. वीस सेंटिमीटर आलं कुठून? नकाशात पन्नास, करारात पन्नास, साहेबांच्या सहीखाली पन्नास. मिस्त्री मान खाली घालून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं काकाजींकडे पाहिलं.

"काकाजीनंच सांगतलं होतं," तो म्हणाला. "नकाशात पन्नास असो नाई तं काई असो, तू वीतभर जास्त धर. कमी-बिमी भरलं तं बदनामी व्हईन."

काकाजी उठून उभे राहिले. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही, उलट अभिमान. "हौ. म्याच सांगतलं. वीतभर जास्त देल्लं, कोनाचं काय चोरलं?"

साहेब समजुतीनं म्हणाले, "काका, हे डाळीचं माप नाही हो."

"माप ते माप. मले एक सांगा साहेब, कमी देल्लं असतं तं तुमी मले चोर म्हटलं असतं. जास्त देल्लं तरी चोरच?"

साहेबांनी यंत्र पेटीत घातलं. आतून एका बाजूला भिंत वाढवून घ्या, मुदतीच्या आत पुन्हा बोलवा, मी येऊन मोजेन, एवढं सांगून ते गाडीत बसले. मुदतीला महिन्याभराचाच वेळ उरला होता.

आणि काकाजी अडून बसले. "मी कमी करनार नाई." इंजिनियर साहेबांनी विनवलं, मी विनवलं, साक्षीच्या बापानं विनवलं. मी तर मिलमध्ये जाऊन त्यांच्याशी कडाक्यानं भांडले. "काकाजी, तुमच्या हट्टापायी तलाव जाईल! तिथं लग्नं लागतील, घसरगुंड्या लागतील, आणि साक्षी पुन्हा शेवटच्या गटात!"

ते काट्याजवळ उभे होते. मला वाटलं ओरडतील. पण आवाज एकदम खाली आला. "मॅडम, सत्तरी उलटली माही. या काट्यावर एका मान्साचा एक दाना मारला नाई म्या. आता मराच्या टायमाले लेकराईच्या मापातून वीतभर काढून घेऊ? ते नाई होत माह्याच्यानं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा हट्टी माणूस एवढा खरा असावा, याचाच मला राग आला. वेड्या माणसाशी भांडता येतं, शहाण्याशीही येतं. प्रामाणिक माणसाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

दिवस जात होते. लॉनवाले एकदा येऊन पावलांनी जागा मोजून गेले. मला म्हणाले, "मॅडम, चहा घेता का?" मी शिट्टी मारली.

मग एका सकाळी काय झालं, ते मी समोर उभं राहून पाहिलं. साक्षी पन्नास मीटर जोरात मारत होती. मी घड्याळ धरलेलं. काकाजींची खुर्ची त्या दिवशी उन्हामुळं दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या बाजूला सरकवलेली होती. त्यामुळे पहिल्यांदाच ते पोरीला समोरून, आपल्याकडे येताना पाहत होते. साक्षी सपासप आली, शेवटचा हात लांब टाकला, आणि हात रिकाम्या पाण्यात पडला. भिंत अजून पुढं. तशीच घसरत आली, अर्धा हात अजून मारला, तेव्हा कुठं बोटं टेकली.

काकाजी खुर्चीतून अर्धे उठले. "पोरी वं, शेवटी थांबली काहून?"

साक्षीनं चष्मा कपाळावर सरकवला. धाप लागलेली होती. तिला कुणी शिकवून पाठवलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. "थांबली नाई काकाजी. पन्नासले माहा हात पोचते. मंग तुमची वीत राह्यते, ते पोहा लागते."

"माही वीत?"

"हौ ना. पुन्याच्या पोरी पन्नास पोहतेत. मी पन्नास अन् वीत पोहतो. घड्याय तं दोघीले सारखंच हाय."

वऱ्हाडात पोरीही 'पोहतो'च म्हणतात, आणि अशा सरळ म्हणतात की समोरच्याला टोचलं का हे त्यांना कळतही नाही. काकाजी तसेच अर्धे उठलेले राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. इतके दिवस ते धरून चालले होते की तलाव म्हणजे माल आणि पोरं म्हणजे गिऱ्हाईक. द्यावं तेवढं थोडं. आणि आज कळलं की इथं देणारी ती पोरगी होती. अंतर ती देत होती, दम ती देत होती, आणि काट्यावर आम्ही बसलो होतो.

आमच्याकडे धान्याच्या बाजारात कडता म्हणून एक वाईट चाल होती. शेतकऱ्यानं पोतं आणलं की धुळीमातीच्या नावानं त्याच्या वजनातून थोडं कापून घ्यायचं. काकाजींनी तरुणपणी त्यावरून इतर व्यापाऱ्यांशी उभा दावा मांडला होता, आपल्या मिलमध्ये कडता कधीच घेतला नव्हता.

"म्हंजे हा कडता झाला," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग मोठ्यानं, माझ्याकडे वळून, "मॅडम, मी या पोरीपासून रोज कडता घेऊन राह्यलो होतो का वो?"

"हो" म्हणायला माझी जीभ रेटेना आणि "नाही" म्हणणं खोटं. मी नुसती होकाराची मान हलवली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, तळहातावर धरला आणि मिस्त्रीला एवढ्या मोठ्यानं हाक मारली की फोनची गरजच नव्हती.

तलाव रिकामा करायचा म्हणजे दुसरं संकट. भर उन्हाळा, आणि अकोल्यात एवढं पाणी सोडून द्यायचं! काकाजींनी औषध टाकणं बंद करायला लावलं, पाणी उन्हात तसंच राहू दिलं, आणि रोज सकाळी ओंजळीनं चाखून बघायचे. "अजून झोंबते." "आज कमी झोंबते." झोंबायचं थांबलं तेव्हा टँकरवाल्यांना बोलावून रस्त्याकडेच्या झाडांना आणि बांधकामांना वाटून टाकलं. गावात बातमी पसरली की डाळवाल्याचा तलाव आटला. घागरीवाल्या बायका हळहळल्या. "आता कुठं चांगलं झालं होतं बिचाऱ्याचं," असं त्यांतली एक मला म्हणाली, तीच जी सगळ्यात जास्त शिव्या द्यायची.

आतून नवी भिंत उभी राहत होती तेव्हा काकाजी खुर्ची उलटी करून पाठमोरे बसायचे. टाइल लावायच्या आधी मिस्त्रीनं विचारलं, "काकाजी, किती धरू?" तोंडातून सवयीनं काहीतरी यायच्या बेतात होतं, ओठ हललेसुद्धा. मग म्हणाले, "मले इचारू नोको. मॅडमले इचार." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मला माहीत आहे. मिलच्या काट्यावर त्यांनी आयुष्यात दुसऱ्याला माप विचारलं नव्हतं.

पुण्याचे साहेब पुन्हा आले, मुदत संपायला थोडेच दिवस असताना. लाल ठिपका पडला. आठही पट्ट्या मोजल्या. या वेळी इंजिनियर साहेब देवाला काय मागावं तेच ठरवू शकत नव्हते, कमी म्हणावं की जास्त. साहेब हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे." पेढे आले. लॉनवाल्यांनीही येऊन एक खाल्ला.

मिलच्या विहिरीच्या पाण्यानं तलाव पुन्हा भरला, आणि पावसाळ्याआधी विभागाची स्पर्धा आमच्या तलावावर झाली. अमरावतीहून, यवतमाळहून, बुलढाण्याहून पोरं आली. काकाजींनी नवं धोतर नेसलं होतं. साक्षीच्या शर्यतीला ते उभे राहिले, शिट्टी झाली, पोरींनी सूर मारले, आणि पुढं जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही. साक्षी आठ जणींत सातवी आली. लहान तलावात तिच्या वेळेचं जे कौतुक व्हायचं ते खऱ्या पन्नास मीटरवर टिकलं नाही. अर्ध्यावर तिचा दम गेला. ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागली. या सगळ्या खटाटोपाचं हेच व्हायचं होतं का, असं माझ्या मनात आलं, अगदी कडवट आलं.

काकाजी माझ्याजवळ आले. "मॅडम, हे टाइम लिहून घेतलं त्याईनं?"

"घेतलं."

"पुन्यात धरतीन?"

"धरतील."

"मद्रासले?"

"सगळीकडे धरतील, काकाजी. पण ती हरली हो."

"ते म्या पाह्यलं ना."

ते गेले आणि नव्या धोतरासकट साक्षीच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले. पाणी वाहत येऊन धोतर भिजलं, तरी सरकले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या खेपेले तू काय पोहली ते कोनी मानलंच नाई. आज तू हरली, अन् हे हरनं साऱ्या देशाले मान्य हाय. इथं अकोल्यात हरली तरी."

साक्षीनं हुंदका दिला. "अन् पुढच्या खेपेले जिंकली तं?"

"तं तेबी मानाच लागन ना त्यायले."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हाताच्या पाठीनं नाक पुसलं, उठली, आणि माझ्याकडे येऊन विचारलं की उद्या सराव किती वाजता आहे.